बुरुजापासून पाचवी चर्या

मातीच्या तटाच्या त्या जुन्या उझबेकी गावात, खिव्यात, मातीला जीभ लावून पाहणारे कारागीर बरेच होते. पण चिमूटभर माती तोंडात टाकून, वर हिरव्या चहाचा घोट घेऊन, "खारट आहे, परत घेऊन जा," असं ट्रॅक्टरवाल्याला तोंडावर सांगणारा एकटा मदरीम उस्ता, गवंड्यांचा उस्ताद. तटाच्या दुरुस्तीला त्याला गावाबाहेरच्या गोवूक तळ्याचीच माती लागायची. ट्रॅक्टरवाल्याला तळ्यापर्यंत जायचा कंटाळा, म्हणून तो जवळच्या कालव्याकाठची माती भरून आणायचा आणि शिव्या देत ट्रॉली परत वळवायचा. हे भांडण दर वसंतात ठरलेलं होतं.

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात उस्ताला साठ वर्षं पूर्ण झाली. अंगानं काटक, पाय चिखल तुडवून तुडवून रुंद झालेले, डोक्यावर उन्हाळा-हिवाळा मेंढीच्या कातड्याची तीच झुबकेदार टोपी. गारा सात दिवस भिजल्याशिवाय तो हात लावायचा नाही, आणि तुडवणाऱ्याला पायात काही घालू द्यायचा नाही. चिखलात खडा असला तर तो तळपायाला कळतो, बुटाला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. कोणी कुरकुर केली की म्हणायचा, "तट म्हणजे सासू आहे बाबांनो. तीन वर्षं विचारपूस केली नाही तर रुसते, आणि सहाव्या वर्षी अंगावर पडते."

दर तीन-चार वर्षांनी तटाला भुशाच्या मातीचा नवा गिलावा लागतो. सगळ्यांत जास्त लागतो तो माथ्याला, तिथल्या चर्यांना. माणसाच्या उंचीच्या या चर्या तटाच्या माथ्यावर ओळीनं उभ्या असतात. त्यांच्या आडोशानं पहारेकरी फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालायचे, आणि प्रत्येक चर्येच्या पोटात बंदुकीची नळी घालायला जंगी, म्हणजे आरपार भोक, ठेवलेली असते. खिव्यावर कोणी चालून येण्याचे दिवस कधीच सरले. तरी चर्या नसलेला तट बघवत नाही. बोडक्या डोक्यानं लग्नाला आल्यासारखा दिसतो.

पश्चिमेच्या तटावर उस्ता जितक्या चर्या दाखवून "ही माझी, तीही माझी" म्हणायचा तितक्या खरोखरच त्याच्या होत्या. फक्त एका ठिकाणी तो कधी चढत नसे. दक्षिणेला दगडी दरवाजाच्या बाजूला तटाच्या बाहेरच्या उतरणीवर जुनी थडगी आहेत, पायथ्यापासून निम्म्या तटापर्यंत एकावर एक चढलेली. त्या भागाचं काम निघालं की उस्ता दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचा. "माझा मामा तिथे आहे," म्हणायचा, "त्याच्या डोक्यावर उभं राहून मला काम करवत नाही." आता, उस्ताला मामाच नव्हता. त्याची आई सात बहिणींतली धाकटी. पण हे गावात कोणाला सांगणार, आणि सांगून करणार काय!

खरं कारण वेगळं होतं आणि ते एकोणचाळीस वर्षं त्यानं पोटात ठेवलं होतं.

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, नुकतंच लग्न झालेलं, आणि कुरयोज उस्ताच्या हाताखाली शिकत होता. दगडी दरवाजाजवळच्या बुरुजापासून पाचवी चर्या पडली होती, ती नवी बांधायची होती. चर्या बांधताना जंगीच्या जागी ओल्या मातीत एक गोल लाकूड आडवं ठेवतात आणि माती आवळली की ते ओढून काढतात. लाकडाचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली हवं. तसं असलं की नळी तटाच्या पायथ्याकडे वळते आणि बर्फ वितळला की पाणी बाहेर जातं. बाहेरचं टोक आतून दिसत नाही. म्हणून एक जण बाहेरच्या बाजूनं शिडीवर उभा राहून टोकाला हात लावतो. पण थडग्यांवर शिडी कोण लावणार? शिडीचा पाय मेलेल्याच्या छातीवर येतो. अशा जागी कारागीर दोन चर्यांमधल्या फटीतून पोटावर पालथा पडून बाहेर लोंबतो आणि जोडीदार त्याचे पाय धरून ठेवतो.

त्या दिवशी मदरीमचे पाय धरायला कोणी नव्हतं. कुरयोज उस्ता तापानं घरी पडला होता. मदरीमनं एकट्यानंच आतून लाकूड ढकललं, वर माती चढवली, विटांचे तुकडे कमी पडले तेव्हा आपला फाटका रबरी जोडाही पोटात कोंबला, आणि संध्याकाळी शीळ घालत घरी गेला. बाहेरचं टोक एका ढेकळावर चढलं होतं. चार दिवसांनी उस्ता काठी टेकत फांजीवर आला, जंगीला डोळा लावला आणि त्याला त्यातून आभाळ दिसलं.

"वा रे पठ्ठ्या," तो म्हणाला. "कोणाला मारणार आहेस, ढगांना? उद्या पाड ही. ही पाडून धड बांधेपर्यंत मी तुझा उस्ता आहे असं बाहेर कोणाला सांगू नकोस."

त्याच रात्री कुरयोज उस्ताचा ताप वाढला आणि तिसऱ्या दिवशी तो वारला. काम थांबलं, माणसं दुसरीकडे गेली, आणि चर्या तशीच राहिली. मदरीमनं पुढे चाळीस वर्षं स्वतःला कुरयोज उस्ताचा चेला म्हणवून घेतलं. दर वेळी म्हणताना आतून काही तरी टोचायचं. त्या बाजूला चढलो तर ती दिसेल, म्हणून तो चढत नव्हता. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

बहात्तरच्या वसंतात ताश्कंदहून मुतबर नोसिरोवा आली. वास्तूंचा अभ्यास केलेली, पस्तिशीची, उन्हानं नाक सोललेलं, हातात सदा मोजपट्टी. वीस दिवस ती तटावर चढत-उतरत होती. मजुरांना वाटलं होतं ही उंटावरची शहाणी असणार. पण ती त्यांच्याबरोबर रोटी मोडून खायची आणि शेपूच्या हिरव्या शेवया मागून घ्यायची, त्यामुळे दहाव्या दिवशी सगळे तिला 'अपा', म्हणजे ताई, म्हणू लागले. एकविसाव्या दिवशी तिनं दुरुस्ती कचेरीच्या अंगणात, तुतीच्या झाडाखाली, सगळ्यांना बोलावलं.

कचेरीचा प्रमुख सपर बेकचानोव नवा सूट घालून आला होता. तो उस्तापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला गोड, वरच्या साहेबांना भ्यायचा. त्यानं आधी एक बातमी सांगितली. तटाच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या पडलेल्या चारशे बारा चर्या नव्यानं बांधायच्या, आणि काम पुरं झालं की दगडी दरवाजावर संगमरवराची पाटी बसेल. तिच्यावर मुख्य कारागीर म्हणून मदरीम पिरनफसोव हे नाव कोरायचं ठरलं आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तानं टोपी पुढे ओढली. डोळे दिसू नयेत म्हणून.

"आता प्रश्न होता की चर्या कशी बांधायची," मुतबर म्हणाली. "बाकी सगळ्या या ना त्या वेळी नव्यानं झालेल्या आहेत, कचेरीत नोंदी आहेत. नोंद नसलेली, गिलाव्यापलीकडे हात न लागलेली, खरी जुनी अशी एकच सापडली. दीडशे-दोनशे वर्षांची तरी असेल. सगळ्या हिच्यासारख्या बांधायच्या."

तिनं एक मोठा फोटो खिळ्याला अडकवला. "बुरुजापासून पाचवी. हिची जंगी बघा. आभाळाकडे आहे! हिच्यातून खालच्या माणसावर गोळी झाडताच येत नाही. म्हणजे तोवर या चर्या लढाईच्या राहिलेल्या नव्हत्या. शोभेच्या झाल्या होत्या. मी यावर लेख लिहिलाय, तो मॉस्कोत छापून येतोय."

उस्ताच्या हातातला चहा तसाच राहिला. सपर त्याच्या कानात काही तरी म्हणत होता, पाटीवरची अक्षरं उझबेकीत की रशियनमध्ये, असं काही. उस्ताला ऐकूच येत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की चारशे बारा चर्या उभ्या आहेत, आणि सगळ्यांच्या जंग्या आभाळाकडे आहेत.

घरी गेल्यावर त्यानं पहिल्यांदा बायकोला सगळं सांगितलं. बिकाजान तंदूरमधून रोट्या काढत होती. खिव्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, थोरल्या लेकीच्या नावानं हाक मारतात.

"अहो ओगिलचे बाबा, म्हणजे तो मामा..."

"मामा नाही. जोडा आहे. माझा जोडा आहे त्या चर्येत."

बिकाजान आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "मग आता काय करणार? चाळीस वर्षं गप्प बसलात ते बसलात. पाटीवर नाव येतंय तर आत्ताच खाज आली?"

"अगं, पाण्याचं काय? एक वाकडी जंगी सोसवते. चारशे झाल्या तर? दर वसंतात बर्फ वितळणार, आणि चारशे भोकांतून पाणी आत येणार, फांजीत मुरणार. दहा वर्षांत तट फुगून फुटेल. आणि वर माझं नाव, संगमरवरात."

"तुम्ही दहा वर्षांनी असाल का बघायला?"

"तट असेल ना," उस्ता म्हणाला.

बिकाजाननं रोटी त्याच्यासमोर ठेवली. "मग जाऊन सांगा. पण नीट सांगा. भांडू नका. तुम्हाला नीट सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सपरकडे गेला. सपरनं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसला.

"ओगा, तुम्ही मला मोठ्या भावासारखे. म्हणून हात जोडून सांगतो, हे इथेच पुरा. अहवाल वर गेलाय. त्यावर तीन सह्या झाल्यात. आता मी काय कळवू, की ती दोनशे वर्षांची चर्या आमच्या उस्तानं तेहेतीस साली बांधली, आणि तीही चुकून? त्या अपाचं नाक कापलं जाईल, तुमचं जाईल, माझी खुर्ची जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तट?"

"तटाला काय होतंय? मी आहे, तुम्ही आहात. दर वर्षी गिलावा देऊ."

"तू दर वर्षी देशील? यंदाचा भुसा अजून आला नाही सपर. मागच्या मार्चपासून मागतोय."

सपरनं टेबलावरचा कागद इकडचा तिकडे केला. "सोमवारी काम सुरू होतंय," तो म्हणाला. "जंगीची लाकडं कापून झालीत."

उस्ता तसाच तटावर गेला. मुतबर पश्चिमेच्या बुरुजावर बसून काही तरी रेखाटत होती. नीट सांगायचं ठरवून गेलेल्या उस्तानं फटकन सांगून टाकलं, "लेकी, तुझी ती जुनी चर्या मी बांधली आहे."

तिला आधी थट्टा वाटली. मग तिचे ओठ आवळले गेले. "उस्ता, तुमचा मान आहे. पण वीस दिवस मी काय गवत उपटत होते? तुमच्या मनात असेल की पाटीवर नाव येतंय तर जुनीही माझीच म्हणावी..."

"चुकीची बांधली, असं सांगतोय मी! ती माझी चूक आहे. आपली चूक कोणी मिरवतं का?"

"पुरावा काय?"

"तिच्या पोटात माझा रबरी जोडा आहे. डाव्या पायाचा. फोडून बघ."

"फोडून?" ती उठूनच उभी राहिली. "संरक्षित वास्तू आहे ती! तिच्यावर खिळा ठोकायचा तर ताश्कंदची परवानगी लागते. आणि तुमचं बोलणं खरं नसेल तर? मग परत कुठून आणायची?"

"नसेल कसं? मी बांधलीय, मला माहीत नसणार?"

"माणसं विसरतात, उस्ता," मुतबर हळू म्हणाली. उस्ताला तिचा राग आला नाही, त्या हळू म्हणण्याचा आला.

रविवारी सकाळी, बाजार भरायच्या आत, तो कुदळ घेऊन दगडी दरवाजाजवळून तटावर चढला. एकोणचाळीस वर्षांनी. फांजीवर चालताना त्यानं मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाचवी चर्या समोर होती आणि तिची जंगी आभाळाकडे होती. त्याला शंका आली नाही, एका क्षणासाठीसुद्धा. खाली थडगी, वर चिमण्या. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि कुदळ घातली.

पहिल्याच घावाला त्याच्या हाताला काही तरी वेगळं लागलं. गिलाव्याचा थर निघाला, खाली दुसरा थर, त्याखाली तिसरा. तो फोडत राहिला. रागात होता, आणि रागातला माणूस हाताचं ऐकत नाही. निम्मी चर्या फांजीवर कोसळली तेव्हा तो दम खायला थांबला, आणि मग त्यानं तुटलेल्या बाजूकडे पाहिलं.

गिलाव्याचे थर कांद्यासारखे दिसत होते. प्रत्येक थराचा भुसा वेगळा. एकात गव्हाचा, एकात भाताचा, एकात बारीक चिरलेला बोरू, जो उस्ताच्या आयुष्यात कोणी वापरलाच नव्हता. त्यानं बोट ठेवून मोजलं. सतरा. परत मोजलं. सतराच. तेहेतीस सालापासून या बाजूला किती वेळा गिलावा झाला ते त्याला तोंडपाठ होतं, कारण दर वेळी त्यानंच माणसं पाठवली होती. कशीबशी सहा वेळा. मधलं पोटही स्वच्छ होतं. कच्च्या विटा, विटांमध्ये बोरूची शेज, आणि कुठेही जोडा नाही.

ती चर्या त्याची नव्हती.

तो तिथेच मातीत बसला. बऱ्याच वेळानं त्याची नजर बाजूला गेली. चौथ्या आणि या चर्येच्या मधली फट इतर फटींपेक्षा रुंद होती, आणि तिच्यात गुडघ्याएवढा एक उंचवटा होता, वरून गिलावा देऊन गुळगुळीत केलेला. उस्तानं कुदळीच्या टोकानं तो उकरला. चार बोटं आत गेल्यावर काळ्या रबराची कड दिसली.

त्याची चर्या कधीच कोसळली होती. बहुतेक एकोणपन्नासच्या मोठ्या हिवाळ्यात. स्वतःच्याच वाकड्या जंगीतून पाणी पिऊन पिऊन. पाठवलेल्या माणसांनी बुंधा लिंपून टाकला आणि त्याला सांगितलं नाही, कारण त्यानंही कधी विचारलं नाही. म्हणून जी सहावी होती ती पाचवी झाली. उस्ता लहान मुलासारखा रडला. जोड्यासाठी नाही. जे फोडलं त्यासाठी.

फांजीवर माती पडलेली खालच्या रोटीवाल्यानं पाहिली आणि कचेरीच्या पहारेकऱ्याला सांगितलं. तासाभरात सपर आला, मागून धापा टाकत मुतबर. सपरनं कपाळाला हात लावला. "ओगा! काय केलंत हे! मला उभं जाळलंत!"

मुतबर गुडघ्यांवर बसली आणि तुटलेल्या थरांवरून बोट फिरवू लागली.

"सतरा आहेत," उस्ता म्हणाला. "मोजत बसू नकोस. माझी नव्हती ही. माझी शेजारची, तो बघ जोडा. तू खरी होतीस. दोनशे वर्षांची होती, आणि मी फोडली."

तिचे डोळे भरले होते. "मग तुम्हाला काय मिळालं? जंगी तर तेव्हाही आभाळाकडेच होती. म्हणजे मी लिहिलं ते बरोबरच आहे."

"इकडे ये," उस्तानं तिला हाताला धरून उठवलं. चर्येची आतली बाजू अजून उभी होती, कापलेल्या खरबुजासारखी. "हे जंगीचं आतलं तोंड. हा पहिला थर. त्यावर काय आहे?"

तिनं वाकून पाहिलं. "मातीचा कंगोरा. ओठासारखा."

"बांध आहे तो. पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला. दुसऱ्या थरावर परत. तिसऱ्यावर परत. इथे तर भोक अर्धं बुजवलंय. सतराच्या सतरा जणांनी हे भोक आतून बंद करायचा प्रयत्न केलाय, लेकी. शोभेची असती तर कोणी बुजवली असती?"

मुतबरनं अर्ध्या बुजलेल्या भोकात बोट घालून पाहिलं.

"आता खाली बघ. पोटावर पड आणि बघ. पडणार नाहीस, मी पाय धरतो."

ती पालथी पडली, उस्तानं तिचे घोटे धरले. सपर म्हणाला, "अहो, अपा पडतील!" त्याच्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"काय दिसतंय?"

"थडगं. बरोब्बर खाली. जुनं आहे, मीनाकामाच्या विटा आहेत."

"तिथे शिडी लावशील?"

तिनं मान वळवून वरच्या जंगीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओढा मला वर."

वर आल्यावर तिनं गुडघे झटकले. "ही बांधणाराही एकटाच होता तर," ती म्हणाली. "त्याचेही पाय धरायला कोणी नव्हतं."

"कोण होता देव जाणे. पण माझ्यासारखाच गाढव होता," उस्ता म्हणाला. "फरक एवढाच, की त्याच्या चुकीवर पुढच्यांनी लक्ष ठेवलं. माझ्या चुकीकडे मीच पाठ फिरवली."

मुतबरनं मॉस्कोला तार करून लेख परत मागवला. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, तारेच्या खिडकीवरच्या माणसानं गावभर सांगितलं. चारशे बारा चर्यांच्या जंग्या खाली वळवायच्या ठरल्या आणि कापलेली लाकडं तीच चालली. सपरची खुर्ची राहिली, कारण अहवालात काय बदलायचं ते त्यानं एका रात्रीत शोधून काढलं. उस्ताची मात्र दोन हंगामांसाठी मुख्य कारागीर म्हणून असलेली जागा गेली. तो मजूर म्हणून कामावर राहिला, आणि पाटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

फोडलेली चर्या त्यानंच परत उभी केली. तिचा एक कण त्यानं तटाखाली जाऊ दिला नाही. केरसुणीनं फांजी झाडून सगळी माती पोत्यांत भरली, खड्ड्यात सात दिवस भिजवली आणि अनवाणी तुडवली. या मातीची हीच गंमत आहे. वीट फुटली की फुटली. गाऱ्याची भिंत परत भिजवा, परत उभी राहते. लाकूड ठेवायची वेळ आली तेव्हा त्यानं थडग्यांच्या वर पालथं पडून, स्वतःच्या पायांवर दोन मजूर बसवून, बाहेरचं टोक मुद्दाम वर उचललं. जसं होतं तसं. चाळीस वर्षं बरोबर बांधलेल्या हातांना ते जमत नव्हतं. तीन वेळा लाकूड आपोआप खाली आलं. चौथ्या वेळी बसलं.

गिलावा सुकल्यावर मुतबर कचेरीची नोंदवही घेऊन वर आली. तटावरच्या प्रत्येक कामाची त्यात नोंद असते: जागा, साल, कारण. कारागिरांची नावं लिहायची पद्धत नाही. पश्चिमेच्या भिंतीचीही कधी लिहिली नव्हती.

"उस्ता," ती म्हणाली, "मी सपर ओगांशी बोललेय. कारणाच्या जागी 'बर्फामुळे कोसळली' असं लिहिते. कोणाला काही कळणार नाही. तुमच्या मुलाबाळांनाही नाही."

उस्ता हात धूत होता. पाणी गढूळ होतं, तरी धूत राहिला.

"बर्फानं काय केलंय?" तो म्हणाला. "माझ्या वेळी कोणी लिहून ठेवलं नाही, म्हणून हा घोळ झाला. पन्नास वर्षांनी कोणी पोरगी मोजपट्टी घेऊन येईल. ती म्हणेल, ही बर्फात पडली आणि परत बांधली. मग ती म्हणेल, बघा, जुन्या लोकांनी अशीच बांधली होती, मुद्दाम. नको. खरं लिही."

"खरं म्हणजे काय लिहू?"

"मदरीम पिरनफसोवनं ही कुदळीनं फोडली. आणि त्यानंच बांधली, तीच माती, तीच चूक. लिही. मी वाचून बघणार आहे."

तिनं लिहिलं. उस्तानं वही हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं आणि खाली सही केली.

सत्याऐंशी साली तो वारला, तोवर तटाच्या दोन बाजूंना त्याच्या हाताच्या पाचशेहून जास्त चर्या उभ्या होत्या. आजही बऱ्याच आहेत. नोंदवहीत त्याचं नाव शोधाल तर एकदाच सापडतं, फोडणारा म्हणून.